पायथन ३.८ वरून ३.१२ वर : आपल्या पावसाच्या वहीचं स्थलांतर १ जूनच्या आत उरकायचंय

मांजराकाठ, लातूर
११ जानेवारी २०२६, रात्री ९:४०

मंडळी, येळवशीला आपण काही जण शेतात बसलो होतो. भज्जी-आंबील झाल्यावर हा विषय निघाला आणि सगळ्यांच्या मनात एकच धास्ती आहे हे कळलं. म्हणून धागा काढतोय.

आपली पावसाची आणि विहिरींच्या पातळीची वही, म्हणजे शाळा आणि गावकरी नोंदी टाकतात ती साइट, ज्यावर उभी आहे ते सगळं मुदत संपलेलं आहे. सर्व्हरवर उबुंटू २०.०४ (लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टीम), त्यात पायथन ३.८ (ज्या भाषेत वहीचा कोड आहे ती), त्यावर जँगो ३.२ (पायथनमध्ये साइट बांधायचा तयार सांगाडा). जँगो ३.२ चा आधार एप्रिल २०२४ मध्ये संपला, पायथन ३.८ चा त्याच वर्षी ऑक्टोबरात, उबुंटू २०.०४ चा नेहमीचा आधार मे २०२५ मध्ये. उद्या यातल्या कशातही सुरक्षेचं भोक सापडलं तर बुजवायला कुणी येणार नाही. वही आज नीट चालतेय, पण तेवढ्यावर मला झोप लागत नाही.

हे काम राहत का गेलं, तेही सांगतो. उन्हाळ्यात आपण ठरवतो, मग मृग लागतं, नोंदी सुरू होतात आणि चालत्या वहीला हात लावायला नको वाटतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना-मांजरेच्या काठाला पाणी शिरलं तेव्हा लोक पहाटे चार वाजता नोंदी टाकत होते. त्या दिवसांत सर्व्हरला कुणी बोट लावलं नाही, ते योग्यच झालं. म्हणून या वेळी तारीख पावसाकडून उलटी मोजू. १ जूनपासून दिवाळीपर्यंत कोणताही बदल नाही, कारण आपल्याकडं परतीचा पाऊस ऑक्टोबरातही झोडपतो. शाळा एप्रिलअखेर उन्हाळी सुट्टीवर जातात, म्हणजे शाळेच्या कॉम्प्युटरवर जे बसवायचं ते त्याआधीच. हातात साडेतीन महिने आहेत.

माझा प्रस्ताव असा आहे. एका उडीत जायचं नाही. आधी आहे त्याच पायथन ३.८ वर जँगो ३.२ चं ४.२ करायचं. ते महिनाभर नीट चाललं की नवं मशीन घ्यायचं, उबुंटू २४.०४ चं, त्यात पायथन ३.१२ मुळातच असतं. जँगो तिथंही ४.२ च ठेवायचं. शेवटी जँगो ५.२, कारण ४.२ ची मुदतही या एप्रिलात संपतेय. एका वेळी एकच गोष्ट बदलली की काही मोडलं तर कशामुळं मोडलं ते शोधत बसावं लागत नाही.

ज्याला जे खटकतंय ते इथंच बोला.


गोदावरी_नांदेड
११ जानेवारी, रात्री १०:१५

दादा, एक शंका. पायथन ३.१४ ऑक्टोबरातच आलंय. एवढी उठाठेव करायचीच तर थेट तिथं का जाऊ नये? ३.१२ ला सुरक्षेच्या दुरुस्त्यांचे हप्ते ऑक्टोबर २०२८ पर्यंतच मिळणार. दोन-अडीच वर्षांनी पुन्हा हेच करत बसायचं का? वेग पण वाढतो नव्या आवृत्त्यांत.


बीडची_ताई
१२ जानेवारी, सकाळी ७:३०

गोदावरी, प्रश्न रास्त आहे. ३.१२ वर अडून बसण्याचं खरं कारण जँगो ४.२ आहे. ते पायथन ३.८ पासून ३.१२ पर्यंत चालतं. जँगो ५.२ ला किमान ३.१० लागतं. म्हणजे या काठावरून त्या काठाला टेकणारी फळी ती एकच, आणि तिचं पलीकडचं टोक ३.१२ वर येतं. ३.१४ वर थेट गेलो तर पायथन, जँगो आणि मशीन तिन्ही एका रात्रीत बदलावं लागेल.

दुसरं, उबुंटू २४.०४ मधलं ३.१२ उबुंटूवालेच सांभाळतात, त्यांचा नेहमीचा आधार २०२९ पर्यंत आहे. ३.१४ आपण स्वतः बांधून ठेवलं तर त्याच्या दुरुस्त्या ओढायची जबाबदारी आपल्यातल्या कुणाची तरी. मी पुण्यात नोकरी करून रात्री हे बघते, तू परीक्षा सांभाळून करतोस. आपली माणसं मोजून किती आहेत ते तुला माहीत आहे.

वेगाचं म्हणशील तर ३.११ मध्येच मोठी सुधारणा झाली, ३.१० पेक्षा सरासरी सव्वा पट. ती ३.१२ मध्ये मिळतेच. आपल्या वहीला तेवढं पुष्कळ झालं.

एक आधीच सांगून ठेवते. नव्या उबुंटूत सिस्टीमच्या पायथनवर थेट पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) चालवलं की ते नकार देतं. जुन्या मशीनवर आपण सगळं तसंच कोंबलेलं आहे. या वेळी वेगळं आभासी वातावरण (फक्त वहीच्या पॅकेजेससाठीचा वेगळा कप्पा) करूनच पॅकेजेस बसवायची.


जालनेकर
१२ जानेवारी, दुपारी १:०५

सर्व्हरचं तुमचं ठरलं, पण शाळांचं कुणी बोललंच नाही. माझं दुकान जालन्यात आहे, आसपासच्या शाळांचे कॉम्प्युटर माझ्याकडंच येतात. त्यातले कित्येक अजून विंडोज ७ वर आहेत, २ जीबी रॅम, काही तर ३२ बिटचे. पायथन ३.८ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती. ३.९ तिथं चालतच नाही. ३.१२ वर नोंदीचा प्रोग्रॅम नेलात तर या शाळा त्याच दिवशी वहीतून गेल्या.

लिनक्स टाकून द्या म्हणणारे भेटतात. मी दोन-चार शाळांत टाकलंय. पण डेबियन १३ पासून ३२ बिटच्या मशीनवर नव्यानं बसवायची सोय राहिली नाही, आणि शिक्षकांना त्यांचे जुने फॉन्ट आणि शालेय कामाचे प्रोग्रॅम लागतात, ते विंडोजवरच आहेत. ब्राउझरमधून भरा म्हणाल तर क्रोमनं १०९ नंतर विंडोज ७ सोडलं.

अजून एक. या मशीनची सीमॉस बॅटरी, म्हणजे घड्याळ चालू ठेवणारा छोटा सेल, गेलेली असते. लाइट गेली की घड्याळ थेट दहा-पंधरा वर्षं मागं जातं. मग सर्व्हरचं सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र "अजून लागूच झालेलं नाही" असं मशीनला वाटतं आणि जोडणी होत नाही. गुरुजी मला फोन करतात, वही बंद पडली म्हणून. वहीचा यात काही दोष नसतो. पन्नास-साठ रुपयांचा सेल बदलला की चालू.


गुरुजी_औसा
१२ जानेवारी, रात्री ८:५०

जालनेकर म्हणायलेत ते अगदी खरं हाय. आमच्या शाळेत तसाच एक कॉम्प्युटर हाय.

मोबाइलवरून नोंद भरा असं मागं कुणीतरी सुचवलं होतं. त्यात अडचण अशी हाय की मोबाइल शिक्षकाचा असतो. शिक्षकाची बदली झाली की मोबाइल त्याच्यासंगं जातो, नोंद बंद पडते. नवीन माणूस येऊन शिकंपर्यंत निम्मा पावसाळा जातो. कॉम्प्युटर शाळेचा असतो, तो जाग्यावर ऱ्हातो. सातवीची पोरंसुद्धा भरतात त्यावर. पर्जन्यमापकातलं पाणी साडेआठला मापायचं, वहीत लिहायचं, मग कॉम्प्युटरवर. पोरांना ती सवय लागलीय. ती मोडू नका, एवढीच विनंती.

आणि एक जुनी गोष्ट. मी मागच्या वर्षीबी विचारलं होतं, कुणाचं ध्यान गेलं नसंल. तुम्ही आमच्या शाळेच्या जुन्या वह्या चढवल्यात, त्यातली महिन्याची बेरीज आमच्या वहीशी कुठं कुठं जुळत नाही. फरक थोडा असतो, पण असतो.


बालाघाट
१२ जानेवारी, रात्री ९:२०

मला कोडिंगमधलं काही कळत नाही, मी वही वापरणारा शेतकरी. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. मंडळाचं मापक एका गावात आणि ढग फुटतो दुसऱ्याच गावात, हे आमचं नेहमीचं दुखणं. आपली वही सरकारी नाही हे मलाही कळतं, पण पंचनाम्याच्या वेळी "आमच्या शाळेत अमुक तारखेला एवढा पडला" असं कागद दाखवून बोलता येतं. काय करायचं ते करा, तारीख आणि आकडा हलू देऊ नका.


मांजराकाठ, लातूर
१३ जानेवारी, रात्री १०:३०

शाळांचा प्रोग्रॅम ३.८ वरच राहील. यावर मला फाटे फुटायला नकोत. वहीचा जीव शाळेतल्या त्या पर्जन्यमापकात आहे. सर्व्हर नवा करायचा म्हणून नोंद घेणारा हात तोडायचा, हे होणार नाही.

पण मग त्याला जितकं हलकं करता येईल तितकं करू. आज शाळेचा प्रोग्रॅम आणि सर्व्हर एकच सामायिक कोड वापरतात. तो वेगळा काढू. नाहीतर सर्व्हर ३.१२ वर जाऊनही ३.८ ला जे समजत नाही ते लिहिता येणार नाही. शाळेचा प्रोग्रॅम फक्त तीन गोष्टी पाठवेल : पडद्यावर दिसलेली तारीख, वेळ आणि मिलिमीटर, जशाच्या तशा. वेळेचं कोणतंही गणित तिथं नको. भारतीय वेळ जोडायची ती सर्व्हर जोडेल. आणि जालनेकरांनी सांगितलेल्या घड्याळासाठी, नोंद जतन करण्यापूर्वी तारीख मोठ्या अक्षरात दाखवून "हीच तारीख ना?" असं विचारायचं. सर्व्हरशी जोडणी झाली नाही तरी नोंद मशीनवर साठून राहिली पाहिजे.

जालनेकर, एप्रिलच्या आत तुमच्याकडं येणाऱ्या मशीनचे सेल बदलता येतील का? खर्च आपण वर्गणीतून करू.

गुरुजी, बेरजेचं मी वाचलं होतं आणि टंकताना चूक झाली असेल असं समजून सोडून दिलं. ते चुकलं माझं. एखादा महिना वहीच्या पानाचा फोटो टाकता का?


जालनेकर
१४ जानेवारी, सकाळी ९:००

सेलचं माझ्याकडं लागलं. मजुरी घेणार नाही. सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा.


गोदावरी_नांदेड
२४ जानेवारी, रात्री ११:४५

वेगळ्या मशीनवर ३.१२ टाकून आठवडाभर चालवून बघितलं. काय काय मोडलं ते लिहितो.

पहिलं, डिस्टयूटिल्स, पायथनसोबत येणारा एक जुना साधनसंच. शाळेचा प्रोग्रॅम जुना आहे का हे तपासायला आपण त्यातली आवृत्ती तुलना वापरतो. ३.१२ मधून ते अख्खं काढलंय. गंमत म्हणजे माझ्या लॅपटॉपवर चालत होतं आणि सर्व्हरवर पडत होतं. दोन तास गेले. लॅपटॉपवर सेटअपटूल्स हे दुसरं पॅकेज बसलेलं होतं, ते स्वतःजवळचं डिस्टयूटिल्स पुरवतं, ३.१२ च्या कोऱ्या वातावरणात सेटअपटूल्स आता आपोआप येत नाही. पॅकेजिंग नावाच्या पॅकेजमधली तुलना घातली, सुटलं.

दुसरं, आकडेमोडीचं पॅकेज नमपाय. आपण बांधून ठेवलेली जुनी आवृत्ती ३.१२ वर बसतच नाही, १.२६ लागली. पांडाज या तक्त्यांच्या पॅकेजमध्ये महिन्याचे तक्ते जोडायला अपेंड वापरलंय सगळीकडं, ते २.० पासून नाही. पण पांडाज २.० पायथन ३.८ वरही चालतं, म्हणून हा बदल जुन्या मशीनवर आत्ताच करून घेतला. ताईंची फळीची गोष्ट इथंही लागू पडली.

तिसरं आपल्या मराठीचं. फाइल उघडताना आपण किती तरी ठिकाणी एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीनं साठवलीत ते, सांगितलेलंच नाही. लिनक्सवर ते यूटीएफ-८ (मराठी चालणारी पद्धत) धरलं जातं म्हणून कधी कळलं नाही. विंडोजवर पायथन मशीनची जुनी पद्धत (कोडपेज) धरतं, तिथं गावांची नावं वाचताना एकतर पडतं नाहीतर कचरा दिसतो. ३.१० पासून यासाठी इशारा चालू करता येतो, तो चालू करून सगळ्या चाचण्या पळवल्या आणि जिथं जिथं ओरडला तिथं यूटीएफ-८ लिहून टाकलं. शाळांच्या प्रोग्रॅममध्येही तेच केलंय, त्याचा फायदा ३.८ ला पण होतो.

चौथं मात्र मला सुटत नाहीये. जँगो ४ पासून देशोदेशीच्या वेळेच्या हिशेबासाठी पायटीझेड या पॅकेजऐवजी झोनइन्फो येतं. मी जुन्या वह्या चढवायची स्क्रिप्ट झोनइन्फोवर नेली आणि परत चालवून जुन्या डेटाशी ताडली. एकही तारीख जुळत नाही. सगळ्या एक दिवसानं पुढं सरकल्यात! नवीन कोड चुकतोय, पण कुठं ते कळेना.


गुरुजी_औसा
२५ जानेवारी, सकाळी १०:१०

फोटो काढायला कपाट उघडलं तर सगळ्यात जुनी वही हाताला लागली. तेव्हाच्या गुरुजींच्या हातची. ३० सप्टेंबर १९९३ च्या ओळीत पावसाच्या रकान्याशेजारी शेरा हाय, "पहाटे भूकंप". अक्षर थरथरलेलं दिसतं. आमच्या तालुक्यातच किल्लारी. ती तारीख इथं कुणी विसरणार नाही.

मग तुमच्या साइटवर बघितलं. तो शेरा २९ सप्टेंबरला दिसायलाय.


गोदावरी_नांदेड
२५ जानेवारी, सकाळी १०:४०

गुरुजी, मी शोधलं. भूकंपाच्या आंतरराष्ट्रीय नोंदीत तारीख २९ सप्टेंबरच आहे, वेळ २२:२५ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं). म्हणजे साइट यूटीसीप्रमाणं दाखवत असेल, बरोबर ना?


बीडची_ताई
२५ जानेवारी, दुपारी ३:२०

नाही रे. पहाटे ३:५६ म्हणजे यूटीसीत आदल्या रात्रीचे २२:२६ च्या आसपास, हे खरं. पण आपल्या डेटात भूकंपाची वेळ नाहीच. वहीत फक्त तारीख होती, ती स्क्रिप्टनं रात्री १२ ची वेळ लावून साठवली. ती २९ ला जायचं काही कारण नव्हतं. मी आज दिवसभर हेच धरून बसले होते आणि सापडलं. तुझा नवा कोड बरोबर आहे. चूक आपल्या जुन्या कोडात, इतकी वर्षं.

पायटीझेडचा आशिया-कोलकाता विभाग तारखेला थेट चिकटवला की तो त्या विभागाच्या तक्त्यातली पहिली नोंद उचलतो. ती आहे प्रमाणवेळ येण्याआधीची कोलकात्याची स्थानिक वेळ, यूटीसीच्या ५ तास ५३ मिनिटं पुढं. आपली प्रमाणवेळ ५ तास ३०. पायटीझेडच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय की असं चिकटवू नका, लोकलाइज ही त्यातलीच सोय वापरा. आपण वाचलं नाही. म्हणजे ३० तारखेच्या रात्री १२ मधून ५:५३ वजा झाले, २९ ची संध्याकाळ ६:०७ यूटीसी म्हणून साठली. दाखवताना जँगो त्यात योग्य ५:३० मिळवतं, येतात २९ चे रात्रीचे ११:३७. तेवीस मिनिटांनी अख्खा दिवस मागं गेला.

गुरुजींची बेरीजही यामुळंच जुळत नव्हती. दर महिन्याच्या १ तारखेचा पाऊस आदल्या महिन्यात पडत होता. १ ला पाऊस नसला की बेरीज जुळायची, म्हणून कुठं जुळते, कुठं नाही.

हे फक्त जुन्या वह्यांतून चढवलेल्या नोंदींना लागू आहे. रोजच्या नोंदी जँगोच्या फॉर्ममधून येतात, तिथं वेळ नीट लागते. पण त्यात एक वेगळी भानगड सापडली. तारीख रिकामी सोडली तर सर्व्हर यूटीसीनाऊ (यूटीसीतली आत्ताची वेळ देणारी पायथनची आज्ञा) वापरून आजची तारीख घालतो. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात यूटीसीची तारीख कालची असते. पुराच्या रात्री पहाटे टाकलेल्या नोंदींचं काय झालं असेल ते बघा. ३.१२ यूटीसीनाऊ वापरलं की इशारा देतं, म्हणून ते डोळ्यांसमोर आलं.


बालाघाट
२५ जानेवारी, संध्याकाळी ६:००

म्हणजे माझ्याकडं छापून ठेवलेल्या कागदांवरच्या तारखा चुकीच्या असू शकतात?

तसं असेल तर गुपचूप दुरुस्त करू नका. उद्या माझ्या कागदावर एक तारीख आणि साइटवर दुसरी दिसली तर समोरचा माणूस म्हणेल, तुमची वहीच खोटी. काय चुकलं होतं, कोणत्या नोंदी बदलल्या आणि कधी बदलल्या ते साइटवर मराठीत लिहून ठेवा. मी ते पानसुद्धा कागदासोबत जोडेन.


मांजराकाठ, लातूर
२६ जानेवारी, दुपारी १२:१५

बालाघाट, तुमचं म्हणणं जसंच्या तसं मान्य. प्रत्येक नोंदीची जुनी तारीख वेगळ्या रकान्यात कायम राहील, शेजारी दुरुस्त तारीख आणि दुरुस्तीचा दिवस. कागद छापला की दोन्ही दिसतील.

आणि क्रम बदलतोय. मी आधी जँगो, मग मशीन असं म्हटलं होतं. आता त्याही आधी तारखा. चुकीच्या तारखा उचलून नव्या घरात नेल्या तर पुढच्या कुणाला त्या चूक आहेत हे कळायचा मार्गच राहणार नाही. फेब्रुवारी त्यासाठी. दुरुस्तीची स्क्रिप्ट गोदावरी लिहील, ताई तपासतील. पण ती बरोबर आहे हे कोड वाचून ठरवायचं नाही. प्रत्येक शाळेच्या कागदी वहीतला निदान एक पावसाळा ओळ न् ओळ ताडायचा. फेब्रुवारी-मार्चात परीक्षांची कामं असतात हे ठाऊक आहे, म्हणून लातूर-औसा-निलंग्याकडच्या शाळांत मी स्वतः रविवारी जाईन. जालना-परभणीकडं कोण जाऊ शकेल ते सांगा.

पुराच्या पहाटेच्या नोंदी आपोआप हलवायच्या नाहीत. कुणी तारीख रिकामी सोडली आणि कुणी मुद्दाम कालची घातली, हे आता कोडला कळणार नाही. ज्यांनी टाकल्या त्यांना एकेक फोन करायचा.

जँगो ४.२ गुढीपाडव्याला, १९ मार्चला. नवं मशीन आणि ३.१२ एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, जुनं मशीन मेअखेरपर्यंत चालू ठेवून. ५.२ मे महिन्यात, शाळा बंद असताना. कुठं अडलं तर ५.२ दिवाळीवर जाईल. १ जून हलणार नाही.


जालनेकर
२६ जानेवारी, रात्री ८:३०

जालना, अंबड, भोकरदन माझ्याकडं. सेल बदलायला जाणारच आहे, वह्यांचे फोटो पण घेऊन येतो.


गुरुजी_औसा
८ फेब्रुवारी, दुपारी ४:४५

मांजराकाठ आज शाळेत आले होते. चाचणीच्या मशीनवर दुरुस्त केलेला डेटा उघडून आम्ही दोघांनी १९९३ ची वही ताडली. मी वाचत गेलो, ते बघत गेले. जून ते सप्टेंबर सगळ्या तारखा जुळल्या. चार ठिकाणी आकड्यात चूक निघाली, ती टंकणाऱ्याची, लिहून दिलीय. भूकंपाचा शेरा ३० तारखेला दिसायलाय.

पुढच्या रविवारी १९९४ ते ९६. एका वहीची पानं वाळवीनं खाल्लीत, ती उन्हात ठेवलीय. वाचता येतील तेवढ्या ओळी वाचू, बाकीच्या कोऱ्या ठेवा.